वस्तीवर म्हणायची राहिलेली बंदी

अन्याय झाला तो ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या एका बाईवर. झाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, शाळेत प्रार्थना चालू असताना. आदल्या दिवशी गावानं बैलांना ओवाळून पुरणपोळी चारली होती. दुसऱ्या दिवशी शेळ्या धरल्या.

असं सुरू करायला मी नगरला कॉलेजात असताना शिकले. आमच्या संघटनेत पत्रकं लिहायला शिकवणारा एक दादा होता. तो सांगायचा, पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी झाला, शेवटच्या ओळीत मागणी. मी विचारलं, मधे काय लिहायचं? तो म्हणाला, काहीही लिही, मधलं कुणी वाचत नाही.

ही सगळी हकीकत मधली आहे. वाचावी, ही विनंती.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, जिथून पुढं पाऊस विचार करून पडतो. गावामागं डोंगर आहे. आम्ही त्याला डोंगर म्हणतो, पाहुण्यांना टेकडी दिसते. त्यावर दोन उन्हाळे आम्ही पोरापोरींनी चर खोदले, गवताचं बी टाकलं, रोपं लावली. मग ग्रामसभेनं ठराव केला की डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि जनावर चारायचं नाही. ठराव चांगला होता, आजही आहे. चराईबंदी चूक होती असं मी कुठंही म्हणणार नाही. कुणाला तसं वाटलं असेल तर त्यानं खाली उतरून आमच्या विहिरी बघाव्यात.

बंदीचं पत्रक मी लिहिलं. ‘डोंगर वाचला तर गाव वाचेल’ असा मथळा आणि शेवटी ‘सक्त मनाई आहे’. ते देवळाच्या खांबाला लावलं, डेअरीच्या खिडकीला लावलं, शाळेच्या फळ्यावर लावलं. गावाच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर पाच मिनिटांत भरपूर अंगठे आले, दोन हात जोडलेले आले, आणि एकानं चुकून वाढदिवसाचा केक टाकला. माझ्या मते गावाला कळलं होतं.

वस्तीवरच्या त्या बाईकडं बटणांचा मोबाईल आहे. देवळात ती चतुर्थीला येते, ती चतुर्थी अजून यायची होती. डेअरीत शेळीचं दूध घेत नाहीत. शाळेत तिचं कुणी नाही. ग्रामसभा झाली त्या दिवशी वस्तीवरचे सगळे खुरपायला गेलेले. मी त्यांना बोलवायला माणूस पाठवला नव्हता, कारण ग्रुपवर वेळ टाकली होती.

तर त्या दिवशी ती सहा शेळ्या घेऊन नेहमीच्या वाटेनं नेहमीच्या डोंगरावर गेली. आमच्यातल्याच दोघांनी शेळ्या अडवल्या आणि पंचायतीमागच्या कोंडवाड्यात घातल्या. कोंडवाड्यात तोवर घंटागाडीचं जुनं चाक, बंद पडलेले सौरदिवे आणि माझ्या पत्रकाची एक शिल्लक थप्पी होती. शेळ्यांनी दुपारपर्यंत ती थप्पी खाल्ली. गावात ते पत्रक पूर्ण संपवणाऱ्या त्याच पहिल्या.

ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब तसा चांगला माणूस. तो म्हणाला, दंडबिंड काही नको, गरीब बाई आहे. फक्त एक माफीनामा लिहून घेऊ आणि सोडून देऊ. ताई, तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच लिहा.

मी लिहिला. ‘चराईबंदीची पूर्ण जाणीव असूनही मी माझी जनावरे डोंगरावर घातली, याबद्दल ग्रामस्थांची जाहीर माफी मागते.’ ‘पूर्ण जाणीव असूनही’ हे शब्द मी त्याआधी पाचसहा पत्रकांत सरकारसाठी वापरले होते. हाताला बसले होते.

संध्याकाळी ती आली. पन्नाशीची असेल, साठीचीही असेल. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणते. भाऊसाहेबानं कागद वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. तिनं पदराला हात पुसला, अंगठा पॅडवर टेकवला, उचलला आणि तसाच हवेत धरला.

“ते परत वाच बरं. काय असूनबी?”

“जाणीव असूनही. म्हणजे माहीत असून,” भाऊसाहेब म्हणाला.

“मला न्हवतं म्हाईत.”

“मावशी, ते लिहायची पद्धत असते,” मी म्हणाले.

“तुमची आसंल. मला न्हवतं म्हाईत, तर म्हाईत हुतं म्हनून अंगठा कसा दिऊ? उद्या तुमी लिव्हताल मी डोंगर चोरला.”

“मग गावाला माहीत, तुम्हालाच कसं नाही?” भाऊसाहेब म्हणाला. “ताई, सांगा यांना. बॅन म्हणजे बॅन.”

“सांगितलं कोनी?” मावशीनं विचारलं. तिनं भाऊसाहेबाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “तू लिव्हलंस व्हय हे, पोरी?”

मी हो म्हणाले.

“अक्षर चांगलं हाय म्हनत्यात तुझं.” आणि तिनं अंगठ्याची शाई पंचायतीच्या भिंतीला पुसली. तो ठसा अजून आहे. पंचायतीच्या भिंतीवर तिचा अंगठा आहे, कागदावर नाही.

भाऊसाहेबाची अडचण मला कळत होती. माहीत नव्हतं असं लिहून घेतलं तर उद्या गावातला प्रत्येक जण माहीत नव्हतं म्हणेल आणि डोंगरावर पुन्हा धूळ. कागद नाही तर शेळ्या नाहीत. आठवड्यात सोडवल्या नाहीत तर लिलाव. मावशीचं घर त्या सहा शेळ्यांवर चालतं आणि त्यातली एक, बांडी, गाभण होती. एवढा सगळा प्रश्न आता माझ्या तीन शब्दांवर येऊन थांबला होता.

दोन्ही वेळा मावशी दूध काढायला कोंडवाड्यात यायची. कोंडवाड्यातल्या दुधाचं काय करायचं हे नियमात नव्हतं. ती एक तांब्या पंचायतीत ठेवून जायची. त्या दुधाचा चहा आम्ही पीत होतो आणि तिच्यावर काय कारवाई करावी याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडं गेले. बाई हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. मी गेले होते वेगळ्याच कामाला. रोपांना मदत करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला डोंगराच्या पायथ्याशी इंग्रजी पाटी हवी होती आणि तिचं स्पेलिंग तपासून घ्यायचं होतं. बाईंनी पाटीचा मजकूर वाचला. ‘बॅन’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा शब्द तुला माहीत आहे का?”

मी म्हणाले, “बॅन म्हणजे बंदी. दोन्ही शब्द एकच असणार. आपलाच इंग्रजांनी नेला असेल.”

“आपल्याला असं फार वाटतं,” बाई म्हणाल्या आणि जाड शब्दकोश मांडीवर घेतला. “त्यांचं काही नातं नाही. बंदी फारशीतून आली, ती बांधण्यातली. बॅन वेगळ्या घरचा. त्याचा जुना अर्थ मनाई नव्हताच.”

“मग काय होता?”

“ओरडून सांगणं. राजाचा माणूस चौकात उभा राहायचा आणि लोकांना मोठ्यानं बोलवायचा, लढाईला चला म्हणून. त्या बोलावण्याला हा शब्द होता. मग तो जे ओरडेल तो हुकूम झाला. हुकूम बहुतेक वेळा ‘करू नका’ असाच असतो, म्हणून हळूहळू अर्थ मनाईवर येऊन बसला. ओरडणं गळून गेलं आणि मनाई तेवढी राहिली.”

मी वही काढली. चांगलं वाक्य ऐकलं की ते पत्रकासाठी टिपून घ्यायची मला सवय आहे.

“बॅंडिट शब्द ऐकलास? दरोडेखोर. तोही याच कुळातला. मूळ अर्थ दरोडेखोर नाही. ज्याचं नाव चौकात पुकारून त्याला हद्दीबाहेर घातलं तो. आधी पुकारायचं, मग हाकलायचं. आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं लग्न चर्चमध्ये झालं, तेव्हा लागोपाठ तीन रविवार नवरानवरीची नावं वाचली होती. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा म्हणून. इंग्रजीत त्या वाचण्यालाही हाच शब्द आहे, स्पेलिंग जरा वेगळं. बंदीचा आणि लग्नाचा शब्द एकच, आता यावर विनोद करू नकोस.”

मी करणार होते. केला नाही.

“आणि अगदी मुळाशी गेलं तर,” बाईंनी चष्मा वर केला, “एक फार जुना धातू आहे, बोलणं या अर्थाचा. त्याची एक शाखा तिकडं जाऊन बॅन झाली. एक शाखा इकडं आली, संस्कृतात भण् झाली. भण् म्हणजे बोलणे. त्यापासून आपलं म्हणणे. तेव्हा नातं काढायचंच असेल तर बंदीशी काढू नकोस. म्हणण्याशी काढ.”

मी ते टिपून घेतलं आणि निघताना, बाईंना माहिती असावी म्हणून, कोंडवाड्याची हकीकत सांगितली. बाईंनी शब्दकोश मिटला.

“मग तिला कुणी म्हणालं होतं का?”

“ग्रुपवर टाकलं होतं.”

“मी ते विचारलं नाही.”

बाईंकडून घरी येईपर्यंत मला दुसरी एक गोष्ट आठवली. खरं तर ती मी विसरले नव्हते, तिची मला गरज पडली नव्हती.

आमच्या गावात दवंडी होती. हलगी वाजवत एक माणूस गल्लीगल्लीतून, ओढा ओलांडून वस्तीपर्यंत जायचा आणि काय ते ओरडून सांगायचा. लसीकरण आलं, लाईट जाणार, ग्रामसभा आहे. हे काम एकाच घराण्याकडं होतं आणि ते त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. कुणी केव्हाही हाक मारायची आणि त्यानं जेवणावरून उठून यायचं. वर देवळाशी आला की पायरीखाली थांबायचं. मी कॉलेजातून आले आणि पहिलं पत्रक यावर लिहिलं: ‘गुलामीची हलगी बंद करा’. ग्रामसभेत टाळ्या पडल्या, दवंडी बंद झाली आणि गावाचा ग्रुप निघाला. ते पत्रक माझ्या सगळ्या पत्रकांत चांगलं आहे असं मला अजूनही वाटतं.

तिसऱ्या दिवशी मी हलगीवाल्या काकांकडं गेले. ते आता बेंजो पार्टीत वाजवतात, लग्नाच्या वराती करतात. बाजेवर बसून हलगीची कड पुसत होते.

“काका, एक दवंडी द्यायची होती.”

काकांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग आत तोंड करून ओरडले, “आगं ए, भाईर ये, ताई आल्यात. दवंडी द्या म्हनत्यात.” आतून काकू आल्या आणि दारात उभ्या राहून मनापासून हसल्या.

“तुमीच बंद केली न्हवं?” काका म्हणाले.

“गुलामी बंद केली, काका.”

“ती झाली, लई ब्येस झालं. मला त्याचं काय न्हाई. पर मला कवा कळलं सांगू का? दोन महिनं कोनी बोलावलं न्हाई, तवा कळलं. म्हनलं गावात काय घडंना का काय. मंग न्हाव्याकडं समजलं, बंद झाली म्हनून.”

“ठराव झाला होता.”

“झाला आसंल. पर मला सांगनार कोन? गावाला सांगनारा मीच हुतो.”

वाक्य चांगलं होतं, पण मी वही काढली नाही. 

काका म्हणाले, “वाजवायची लाज न्हवती ओ ताई. येसकरावानी, गावचा राबता गडी आसल्यावानी हाका मारायचे, त्याची हुती. तुमी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, हाका बंद करा, हलगी राहू द्या.”

“आता विचारते. याल का?”

“न्हाई.” काकांनी हलगी माझ्या पुढ्यात ठेवली. “ही न्या. शिकवतो. वरडायचं तुमचं तुमी. तुमची बंदी हाय.”

हलगी आधी जाळावर शेकून घ्यावी लागते, तेव्हा कातडं ताणतं. एक काडी बारीक, एक जाड. काकांनी अर्धा तास शिकवलं आणि म्हणाले, शेळ्या आसंबी कोंडवाड्यात हायत, दुसरं काय बिघडनार. मग हलगी फुटेल या काळजीनं तेही माझ्यामागं ओढा ओलांडून आले, वस्तीवर पोचलो तेव्हा लिंबाखाली बसले.

मी वाजवायला लागले. पहिल्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. “काय गं, पापड लाटती का वाजवती?”

“पोटातनं काढा आवाज,” लिंबाखालून काका ओरडले. “ही मिटिंग न्हाई.”

मी ओरडले. ऐका हो, डोंगरावर चराईबंदी आहे, गवत लावलंय, रोपं लावलीत, पुढचा ठराव होईपर्यंत शेळी, मेंढी, गाय, म्हैस कुणी घालायची नाही. ओरडताना ‘सक्त मनाई’ तोंडात येईना. दारात उभ्या असलेल्या माणसाला सक्त मनाई आहे असं म्हणता येत नाही, करून बघा. मी म्हणाले, घालू नका.

“थांब, परत म्हन,” एक बाई म्हणाली. “कंच्या डोंगराव? समद्याच?”

“सगळ्याच.”

“ओढ्याकडच्या अंगाला तर नुसता खडक हाय. तिथं बोराटीबिगर काय न्हाई. तिथं कुठं लावलंय गवत तुमी?”

“तिथंसुद्धा...” मी म्हणाले आणि थांबले. तिथं काय आहे ते मला माहीत नव्हतं. आम्ही चर खोदले ते गावाच्या बाजूनं. पत्रक मी घरात बसून लिहिलं होतं.

“बोराटी शेळीनं न्हाई खाल्ली तर तुमी खानार का?” म्हाताऱ्यानं विचारलं. सगळे हसले. मावशीही त्यांच्यात उभी होती, ती हसली नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता कळलं मला. आजपास्नं न्हाई घालनार. पर परवाचं मी न्हवतं ऐकलं, ते तसंच लिव्ह.”

ग्रुपवर इतके अंगठे आले होते, पण ओढ्याकडच्या अंगाला खडक आहे हे एकाही अंगठ्यानं सांगितलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबाकडं नवा कागद न्यायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी मावशी दूध काढायला आली, तेव्हा बांडी गाभडलेली होती. कोंडवाड्यात, सौरदिव्यांच्या खांबाशी. दोन मेलेली करडं होती, दोन्ही वाढीला लागलेली. कशानं झालं ते जनावरांच्या डॉक्टरनं नक्की सांगितलं नाही. जागा बदलली म्हणून असेल, दुसऱ्या शेळीनं ढुशी मारली असेल, पोटात कागद गेल्यानंही असेल, म्हणाला. कोणता कागद ते मी त्याला सांगितलं नाही. इथं सांगते आहे.

मावशीनं ती करडं टोपलीत घेतली, वर गोणपाट टाकलं. पंचायतीत त्या दिवशी दूध ठेवलं नाही.

मी भाऊसाहेबासमोर बसून कागद लिहिला. ‘मी खाली सही करणार, चराईबंदीचे पत्रक लिहिणारी. ही बंदी वस्तीवर कुणीही सांगितलेली नव्हती याची पूर्ण जाणीव असूनही, वस्तीवरील बाईस ती माहीत होती असे मी लिहिले, याबद्दल त्यांची जाहीर माफी मागते.’ खाली सही केली.

भाऊसाहेबानं दोनदा वाचलं. “ताई, हा त्यांचा नाही, तुमचा आहे.”

“हो.”

“मला फाईलला माफीनामा लागतो.”

“हा माफीनामाच आहे.”

त्यानं थोडा विचार केला, पंचिंग मशीन काढलं आणि कागदाला दोन भोकं पाडली. फाईलला माफीनामा लागतो. तो कुणाचा, हे फाईल विचारत नाही. त्यानं कोंडवाड्याची किल्ली दिली.

मी दार उघडलं. शेळ्या बाहेर आल्या, बांडी सगळ्यात शेवटी. मी मावशीला म्हणाले, मावशी, चुकलं माझं. तिला वाचून दाखवायला तो कागद हातात नव्हता, तो फाईलला लागला होता, म्हणून तोंडानं म्हणाले.

“आता म्हनलीस,” मावशी म्हणाली. “ह्ये आधी म्हनायचं हुतं.” आणि शेळ्या हाकत ओढ्याकडं गेली.

पुढच्या ग्रामसभेला मी स्वतः वस्तीवर जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. ओढ्याकडचं अंग शेळ्यांना मोकळं झालं, बाकी डोंगरावर बंदी आहे आणि ती पाळली जाते. वस्तीवरचे सगळ्यात जास्त पाळतात. काका आता दवंडीला येतात, आधी सांगून आणि ठरवून बोलावलं तर, आणि देवळाशी वर येऊन वाजवतात. इंग्रजी पाटी लागली. स्पेलिंग बरोबर आहे. मावशी माझ्याशी बोलते, पण ‘पोरी’ म्हणत नाही, ताई म्हणते.

आता मागणी. तुमच्या घरात, गावात, सोसायटीत जी शेवटची बंदी झाली ती आठवा. लिफ्टपाशी चिकटवलेला कागद आठवा, कामवाल्या बायकांनी वापरू नये असा. तो कागद त्यांच्यातल्या कुणाकुणाला वाचता येतो हे तुम्हाला माहीत नसणार, मलाही नसतं. तर उद्या सकाळी त्या बाईसमोर उभे राहा, तिच्या तोंडाकडं बघा आणि ती बंदी मोठ्यानं म्हणा. म्हणता आली नाही तर कागद काढून टाका. म्हणता आली तर लगेच निघू नका. ती काय म्हणते ते उभ्यानं ऐका, आणि मगच घरी या.